माझ्या बाजूचा स्पीकर

आमच्या घरात दोन मेव्हणे. एक माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. तो शिंपी आहे, शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतो, आणि नजर कमी झाल्यापासून दुकानात नुसता बसून मुलाच्या शिवणीतल्या चुका काढतो. दुसरा मेव्हणा म्हणजे बाहेरच्या खोलीतला स्टिरिओ. आमची मुलगी झाली तेव्हा शिंप्याने तो आणून दिला होता. मधे मोठं मशीन, त्यात रेडिओ, कॅसेट, सीडी सगळं, आणि दोन बाजूंना लाकडी खोक्यांचे दोन स्पीकर. तो लावला त्या दिवशी मी बायकोला म्हणालो, स्वतः इतकं बोलून तुझ्या भावाचं समाधान होत नव्हतं, म्हणून हा दुसरा पाठवला. तेव्हापासून स्टिरिओचं नाव मेव्हणा पडलं ते पडलंच. मेव्हण्याला जरा गप्प कर. मेव्हण्याचा घसा बसलाय. मेव्हण्यावरची धूळ पुसली का. मुलगी लहानपणी शाळेत सांगून आली होती की आमच्या घरी मामा कपाटावर बसतो.

खोली सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. दारातून आत आलं की समोरच्या भिंतीला मेव्हणा. डावीकडे स्वयंपाकघराचं दार. डावा स्पीकर त्या दाराशी आणि त्याच्या शेजारी बायकोची बुटकी खुर्ची. तिथे बसून ती भावाच्या दुकानातल्या शर्टांची काजं-बटणं करायची. उजवीकडे आतली खोली, तिथे आमचा पलंग. उजवा स्पीकर त्या खोलीच्या भिंतीला लागून, त्याच्या शेजारी माझी खुर्ची. म्हणून आमच्या बोलण्यात तिच्या बाजूचा स्पीकर आणि माझ्या बाजूचा स्पीकर असं असायचं.

मी वर्तमानपत्राच्या छापखान्यात मशीनवर होतो. कायम रात्रपाळी. उजाडताना घरी यायचं आणि दुपार उतरेपर्यंत झोपायचं. निवृत्त झालो तरी शरीराला ते कळलं नाही. रात्री झोपायला लागलो, पण दुपारचीही झोप सुटली नाही. जेवलं की पलंगावर, आणि चहाच्या वेळेला जाग. एका गोष्टीचा मला तोरा होता. मला जन्मात गजर लागला नाही. छापखान्यातले लोक दोन-दोन घड्याळं उशाशी ठेवायचे, आणि मी त्यांना सांगायचो की माझ्या डोक्यातच घड्याळ आहे. बायको हे ऐकून म्हणायची, हो, डोक्यात दुसरं काही नसल्यामुळे जागा भरपूर आहे.

मेव्हण्याचा रिमोट तिच्याकडे असायचा. थंडी असो नसो, घरात ती एक जुना स्वेटर घालायची, त्याच्या खिशात. दुसऱ्या बायका किल्ल्या बाळगतात तसा ती रिमोट बाळगायची. मी मागितला तर म्हणायची, काय हवंय ते सांगा, मी लावते. त्या वेळी मला वाटायचं, हौस आहे तिची.

ती गेली त्याची सुरुवात अशाच एका दुपारी झाली. मी झोपलो होतो. ती दारात येऊन म्हणाली, "अहो, उठता का जरा? मला बरं वाटत नाहीये." तिने मला हाक मारून उठवलं, एवढ्यावरूनच मी घाबरलो. शेजाऱ्यांनी गाडी काढली. ती स्वेटरवरच निघाली. रेडिओ चालू राहिला. मी कपडे न्यायला घरी आलो तेव्हाही तो चालू होता, हळू आवाजात कोणीतरी काहीतरी समजावून सांगत होतं. मग ती परत आलीच नाही.

हॉस्पिटलने एका पिशवीत तिच्या वस्तू दिल्या. स्वेटर, चष्मा, चपला. खिशात रिमोट नव्हता. मी परत जाऊन विचारलं. नर्सबाईंनी बिचाऱ्यांनी खाटांखाली वाकून पाहिलं, कपाट उघडून पाहिलं. आपण ह्या जागी हे काय विचारतोय, असं मला मधेच वाटलं आणि मी म्हणालो, राहू द्या.

घरी माणसांची ये-जा थांबल्यावर माझ्या लक्षात आलं की मेव्हणा एकाच बाजूने बोलतोय. तिच्या बाजूचा स्पीकर वाजत होता, माझ्या बाजूचा मुका होता. कान लावून पाहिलं, काही नाही. म्हटलं, गेला. जायच्या वेळी सगळं एकदमच जातं. दुरुस्तीला कोणाला बोलवावं असं वाटलं नाही. तिच्या बाजूचा चालू होता ना, मग झालं.

रिमोट नसल्याने मी पुढच्या बटणाने तो लावायचो आणि बंद करायचो. एक दिवस ते बटण आत गेलं आणि आतच राहिलं. मेव्हणा चालू, आणि बंद व्हायला तयार नाही. आवाजाची चकती तर कधीपासूनच नुसती गरगर फिरायची. पिन काढली असती तर बंद झाला असता. पण आमच्या घरात मेव्हण्याची पिन काढायची नाही असा नियम होता. थोडा वेळ वीज गेली तर तो सांभाळून घ्यायचा, पण भिंत रंगवताना मी एकदा ती दोन दिवस काढून ठेवली होती. परत लावली तर तिने आकड्यांवर बसवलेली सगळी स्टेशनं पुसली गेली. ती म्हणाली, माझी इतकी माणसं तुम्ही एका झटक्यात घराबाहेर काढलीत. मग एक-एक शोधून परत बसवत राहिली. आता पिन काढली तर परत बसवायला कोण होतं? आणि कुठल्या आकड्यावर कोण होतं ते तरी मला कुठे माहीत होतं?

म्हणून मेव्हणा अखंड बोलत राहिला. आवाज हळू होता, त्याचा त्रास नव्हता. पण झोप अशीही गेलीच होती. दुपारी पलंगावर पडायचो आणि छताकडे बघत राहायचो. कधी पहाटे डोळा लागला तर उन्हं वर आली तरी कळायचं नाही. शेवटी मुलीने फोनवर सांगून माझ्याकडूनच मोबाइलमध्ये गजर लावून घेतला. मुलगी लांब असते, तिच्या आवाजात काळजी असली की ती जास्त हुकूम सोडते. त्या दिवसापासून मी गजराने उठणारा माणूस झालो.

कोपऱ्यावर विजेच्या सामानाचं दुकान आहे. तिथे गेलो आणि सवयीने बोलून गेलो, "मेव्हणा बंद होत नाही."

दुकानदार बल्ब तपासत होता. मान वर न करता म्हणाला, "कोणाचाच होत नाही, काका."

मग मी नीट सांगितलं. त्याने खोक्यातून एक काळा, लांबलचक रिमोट काढला. युनिव्हर्सल रिमोट. म्हणाला, टीव्ही, डीव्हीडी, स्टिरिओ, जुना असो नवा असो, हा सगळ्याला चालतो. मी विचारलं, सगळ्याला म्हणजे? तर म्हणाला, माणसं सोडून. त्याबरोबर घडी घातलेला एक कागद दिला आणि म्हणाला, ह्यात आपली कंपनी बघायची, तिच्यापुढचा नंबर दाबायचा, झालं काम.

मेव्हण्याची कंपनी त्या कागदावर नव्हती. ती कधीच बंद झाली असणार. अशा अनाथ मशीनसाठी तळाशी वेगळी रीत दिली होती, मुंगीच्या अक्षरांत. मशीन चालू ठेवा. रिमोट त्याच्याकडे धरा. लाल बटण दाबत राहा. प्रत्येक वेळी रिमोट नवीन नंबर लावून पाहील. मशीन बंद पडले की थांबा, तोच तुमचा नंबर. मला हे जरा उफराटं वाटलं. ज्याच्याशी बोलायचं आहे ते गप्प झालं की समजायचं, ओळख पटली.

मी दाबून पाहिलं. पण माझे हात सावकाश. एकदा दाबून मेव्हण्याकडे बघेपर्यंत रिमोटचा दिवा विझायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. बराच वेळ खटपट करून मुलीला फोन केला. ती म्हणाली, "बाबा, मामाला बोलवा. त्याला अशा उचापती आवडतात."

खरं सांगायचं तर मी त्याला बोलवायचं टाळत होतो. शिंपी आणि मी, आमच्यात भांडण असं काही नाही. पण आमचं सगळं बोलणं तिच्यामार्फत. फोनवर ते दोघं भरपूर बोलायचे, शेवटी ती म्हणायची, थांब, दाजींना देते. मग तो म्हणायचा, काय दाजी, बरं ना. मी म्हणायचो, बरं आहे, तुझं? आणि फोन परत तिच्याकडे. इतकी वर्षं झाली, ह्यापुढे आम्ही गेलो नव्हतो. ती गेल्यावर तो दिवसभर माझ्याजवळ बसून राहायचा, आणि दोघांनाही काही सुचायचं नाही. मग त्याचंही येणं कमी झालं. ते मला बरंच वाटलं होतं आणि वाईटही.

फोन केला. म्हणालो, मेव्हणा बिघडलाय. तो म्हणाला, "मी ठीक आहे की दाजी." मग म्हणाला, येतो.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर तो आला. गळ्यात माप घ्यायची टेप तशीच. बसमध्ये लोक बघत असतील, पण त्याला ती गळ्यात आहे हेच कळत नाही. आल्याआल्या त्याची नजर बुटक्या खुर्चीवर गेली. तो तिथे बसला नाही. स्टूल ओढून मेव्हण्यासमोर बसला, चष्म्यावर चष्मा लावल्यासारखा कागद डोळ्यांशी नेला आणि मग माझ्याकडे देऊन म्हणाला, तुम्हीच सांगा काय लिहिलंय.

मी वाचून सांगितलं. त्याने रिमोट धरला. दाबायचं काम त्याचं, मेव्हण्याकडे बघायचं काम माझं. तो शिलाई मशीनच्या ठेक्यात दाबत होता, त्याचा दिवा विझत नव्हता. रेडिओवर कोणीतरी बाई हवामान सांगत होती. हा दाबतोय, ती बोलतेय. मला एकीकडे वाटत होतं की सापडावा नंबर, आणि एकीकडे वाटत होतं की एवढ्यात नको.

आणि ती वाक्याच्या मधेच थांबली.

बटण बिघडल्यापासून घरात असा शुकशुकाट झाला नव्हता. स्वयंपाकघरातल्या नळाचा थेंब ऐकू आला. शिंपी म्हणाला, सापडला. मी म्हणालो, "लाव परत." त्याने लाल बटण पुन्हा दाबलं. हवामानाची बाई तिच्या कामाला लागली.

मग आम्ही एक-एक बटण लावून पाहिलं. आवाज वाढत होता, कमी होत होता. आकडे बरोबर लागत होते, प्रत्येकावर तिचं एकेक माणूस अजून जागेवर होतं. पुढचं स्टेशन दाबलं की मागचं लागायचं, एवढाच उलटेपणा. शिंपी म्हणाला, उसना रिमोट आहे, सगळं कसं मापात बसेल. रेडीमेड शर्टासारखं, बाही इकडे-तिकडे होणारच.

तेवढ्यात त्याला माझ्या बाजूचं लक्षात आलं. हा का बोलत नाही, म्हणाला. मी म्हणालो, तो गेला, तिच्याबरोबरच गेला. तो उठला, स्पीकरवर तळहात ठेवून उभा राहिला, मागे वाकून वायर हलवून पाहिली. मग परत येऊन स्टुलावर बसला आणि बराच वेळ टेपचं टोक बोटाला गुंडाळत राहिला.

"गेला नाही, दाजी," तो म्हणाला. "ताईने गप्प केलाय."

मला कळेना. तो म्हणाला, बॅलन्स एका बाजूला आहे. मी म्हणालो, बॅलन्स म्हणजे, मोबाइलचा असतो तो? तो म्हणाला, तराजूचा असतो तो. आवाज पूर्ण एका स्पीकरकडे नेता येतो, दुसऱ्याकडे नेता येतो, मधे ठेवता येतो. त्याच्या घरीही अगदी असाच स्टिरिओ होता, तो रिमोटसकट भंगारात गेला. पण तो असताना एकदा ताईचा फोन आला होता. मी रात्रपाळीला होतो त्या काळात. तिने विचारलं होतं, एकाच बाजूचा आवाज बंद कसा करायचा? भिंतीपलीकडे हे झोपतात, आणि मला तर काजं करताना काहीतरी ऐकायला लागतं. ह्याने फोनवरून बटण सांगितलं. तो फोन त्याच्या लक्षात राहिला होता, कारण ती म्हणाली होती की दाजींना सांगू नकोस.

"का?" मी विचारलं.

"म्हणाली, सांगितलं तर ते म्हणतील, असू दे, मला आवाज चालतो. आणि मग भिंतीकडे तोंड करून जागे पडून राहतील."

मी असंच म्हणालो असतो. शब्दन्‌शब्द.

म्हणजे रोज मी आत गेलो की ती खिशातून रिमोट काढायची आणि आवाज माझ्या भिंतीपासून काढून आपल्या खुर्चीकडे घ्यायची. मी रात्रपाळीला होतो तेव्हाही, आणि निवृत्त झाल्यावरही. संध्याकाळी मी बाहेर येऊन बसायचो तेव्हा दोन्ही स्पीकर वाजत असायचे, म्हणून मला कधी काही दिसलंच नाही. त्या दुपारीही तिने तेच केलं असणार. मग तिला बरं वाटेनासं झालं, आणि ते परत मध्यावर आणायचं राहून गेलं.

शिंपी रिमोट डोळ्यांजवळ धरून बॅलन्सचं बटण शोधायला लागला. मी त्याच्या हातावर हात ठेवला. त्याला म्हणालो, ह्या घरात तिच्या हातचं शेवटचं काय उरलं असेल तर ते हे आहे. भांडी मी घासून जागा बदलून ठेवली, चादरी धुतल्या, तिचे कपडे मुलीने नेले. आवाज तेवढा तिने ठेवला होता तिथे आहे. तो हलवायचा नाही.

तो म्हणाला, तसंही ह्याच्यावर तसलं बटण दिसत नाही. आणि रिमोट माझ्या मांडीवर ठेवला. मला हायसं वाटलं. बटणच नाही म्हटल्यावर कोणाच्या चुकीने काही व्हायचं नाही.

मी चहा टाकायला उठलो. आवाज जरा कमी करावा म्हणून मेव्हण्याकडे रिमोट धरला आणि अंगठा टेकवला. नव्या रिमोटची ओळख नाही, माझा अंगठा छापखान्यातल्या चाकांचा. तळाशी टीव्हीसाठी रंगीत बटणं असतात, लाल, हिरवं, पिवळं, निळं, त्यातलं निळं दाबलं गेलं. मेव्हण्याच्या काचेवर एक आडवी रेघ उमटली, रेघेवर एक ठिपका. आणि माझ्या खुर्चीशेजारून गाणं ऐकू आलं.

इतक्या महिन्यांनी माझ्या बाजूचा स्पीकर बोलला, आणि मी दचकून पुन्हा दाबलं, मग पुन्हा. काय होतंय ते थांबवायला म्हणून दाबत होतो. ठिपका सरकत गेला. गाणं खोलीच्या मध्यावर आलं आणि मध्यावरून पार माझ्याकडे आलं. तिची खुर्ची गप्प झाली.

मी खाली बसलो. शिंप्याने रिमोट घेतला. पिवळ्याने ठिपका उलटा सरकतो हे त्याने शोधून काढलं, आणि सरकवत डावीकडे नेला. पार टोकाला नेऊन म्हणाला, घ्या, झालं होतं तसं. मी म्हणालो, तसं नाहीये हे. टोकाला नव्हता तो. पहिल्यांदा रेघ उमटली तेव्हा, हलायच्या आधीच, ठिपका टोकापासून सुटलेला होता, एवढं मी पाहिलं होतं, पण किती, ते कुठे बघितलं मी? तिने माझ्या बाजूला थोडासा ठेवला होता. दुसरा वाजत असताना कान लावूनही कळू नये इतका थोडा. का ठेवला होता ते तिलाच ठाऊक. तो अंदाज तिचा होता, आणि मी तो एका अंगठ्याने पुसला.

  शिंपी उठला आणि दुकानात गिऱ्हाइकाला सांगावं तसं मला म्हणाला, "चला आत. ट्रायल घेऊ."

मी विचारलं, कसली ट्रायल?

तो म्हणाला, ताईने हे माप काचेवर बघून घेतलं नसणार. तुमच्यावर घेतलं असणार. हँगरला लटकवून कोट बसतो का ते कळत नाही, माणसाच्या अंगात घालूनच बघावं लागतं. तुम्ही पलंगावर पडा, तुम्हाला दुपारी कसं ऐकू यायचं ते आठवा. मी इथून सरकवतो. बसलं की सांगा.

मला हे वेड्यासारखं वाटलं. पण दुसरं काही सुचत नव्हतं. मी आत गेलो, माझ्या बाजूला आडवा झालो, भिंतीकडे तोंड केलं. दार ती ठेवायची तसं अर्धवट लोटलेलं.

बाहेरून त्याने विचारलं, आता? मी म्हणालो, फार आहे, शब्द कळताहेत. दुपारी मला शब्द कधी कळायचे नाहीत. कोणीतरी बोलतंय एवढंच कळायचं, काय ते नाही. त्याने सरकवलं. आता? आता अगदीच काही नाही. आता? थोडं इकडे घे. तो टाचणी लावताना विचारतो तसं विचारत होता, घाई नाही, कंटाळा नाही. आणि मी आठवत होतो. मला वाटलं नव्हतं की काही आठवेल, झोपलेल्या माणसाला काय आठवणार. पण आठवत गेलं. आधी डब्याचं झाकण लावल्याचा आवाज. मग खुर्ची थोडी सरकल्याचा. कात्री खाली ठेवल्याचा. ह्या सगळ्याच्या खाली एक गाणं असायचं, ज्याची चाल लागायची नाही, नुसती ऊब लागायची. भिंतीच्या पलीकडे घर चालू आहे, माझ्यावाचून चालू आहे, आणि मी उठेन तेव्हाही चालू असेल, एवढं त्यावरून समजायचं. तेवढ्यावर मी झोपायचो. मला वाटायचं, रात्रपाळीचा थकवा आहे म्हणून झोप लागते.

"आता?" शिंप्याने विचारलं.

काहीतरी सांगायचं माझ्या मनात होतं.

मला जाग आली तेव्हा पडद्यावरचं ऊन उतरलं होतं. मी आपोआप उठलो होतो. मोबाइल बाहेरच होता, गजर झाला नव्हता. अंग जड आणि हलकं दोन्ही वाटत होतं, पूर्वी वाटायचं तसं. बाहेर गाणं लागलं होतं, चांगलं स्वच्छ, आणि चहाचा वास येत होता. एक क्षण मी काहीच लक्षात नसल्यासारखा पडून राहिलो. तेवढा एक क्षण. मग आठवलं.

बाहेर आलो तर शिंपी बुटक्या खुर्चीवर बसला होता. मला पाहून उठायला लागला. मी म्हणालो, बस. त्याच्या मांडीवर रिमोट होता आणि स्टुलावर दोन कप झाकून ठेवले होते.

"काय झालं मग?" मी विचारलं.

"तुमच्या कागदावर लिहिलंय ना, बंद पडलं की थांबा, तोच नंबर. तुम्ही बंद पडलात."

मी मेव्हण्याजवळ गेलो. काचेवर, आडव्या रेघेच्या वरती, एक बारीक उभी खूण होती. त्याच्या खिशातल्या शिंप्याच्या खडूची. डाव्या टोकापासून थोडी आत. मी घोरायला लागल्यावर त्याने ती केली होती, म्हणजे उद्या-परवा कोणाचा अंगठा लागला तरी जागा सापडेल. ती बरोबर तिचीच जागा होती का, ते आता कोणी सांगू शकत नाही. पण मला झोप लागली होती.

मग मी पाहिलं की ठिपका त्या खुणेवर नाही. तो रेघेच्या बरोबर मध्यावर होता. गाणं दोन्ही बाजूंनी येत होतं. मी त्याच्याकडे वळलो, आणि माझ्या तोंडावर काय होतं कोणास ठाऊक, तो चटकन म्हणाला, मी आणला मध्यावर, चहा झाल्यावर. एकेक करून आणला, सावकाश.

"मुद्दाम?" मी म्हणालो.

"तुम्हाला उठवायला. ताई अशीच उठवायची. हाक मारली की दचकतात, म्हणायची. चहा उकळला की आवाज हळूहळू त्यांच्या भिंतीकडे सोडते, मग आपोआप उठतात, आणि वर मला सांगतात की गजर लागत नाही."

शिंप्याने एका कपावरची बशी काढली आणि कप माझ्याकडे सरकवला. मी माझ्या खुर्चीवर बसलो, तो तिच्या खुर्चीवर. चहा पीत आम्ही दोघं ऐकत राहिलो. मी त्याला म्हणालो, बॅग आणली असतीस तर चार दिवस राहिला असतास, दुपारी कोणीतरी बाहेर लागतं. तो म्हणाला, शर्ट काय, तुमचा एखादा चालेल, बाही आखूड करून घेईन.

मग तो काहीतरी सांगायला लागला, दुकानातल्या कोणा गिऱ्हाइकाचं, लांबलचक. माझं अर्धं लक्ष होतं. माझ्या कानाशी माझ्या बाजूचा स्पीकर वाजत होता. इतकी वर्षं रोज संध्याकाळी हा आवाज खोली ओलांडून माझ्यापर्यंत यायचा, कोणीतरी सोडलेला, थांबत थांबत. आणि मी उठून बसायचो, डोळे चोळायचो, आणि म्हणायचो, बघ, आली की नाही जाग.